शेवळं बरोबर ओळखली, तरी घसा का खाजला? रानभाजी आणि रानऔषधाबद्दल एका वैद्याचं उत्तर

तुम्ही लिहिलंय त्यातलं मला समजलं ते असं. मुरबाडजवळ जागा घेतलीत. जूनच्या पहिल्या सरींनंतर बांधाकडेला शेवळं वर आली. फोनमधल्या ॲपने नाव सांगितलं, ही भाजी लोक आवडीने खातात असंही वाचायला मिळालं, म्हणून कांदा-खोबरं घालून केलीत, आणि घरातल्या सगळ्यांचे घसे खाजत राहिले. आता त्याच जागेत टाकळा, फोडशी आणि भारंगी उगवली आहे, कुंपणावर गुळवेल चढली आहे. तुमचे प्रश्न तीन: ॲपवर किती विसंबायचं, मुलांना या भाज्या द्यायच्या का, आणि सासूबाईंना मधुमेह आहे तर गुळवेलीचा रस रोज द्यावा का.

मी याच पट्ट्यात, शहापूर-मुरबाडकडे, आयुर्वेदाची वैद्यकी करते. पावसाळ्यात रानभाजीमुळे किंवा रानऔषधामुळे दवाखान्यात येणारी माणसं बहुतेक दोन प्रकारची असतात. एक, नव्याने हौस लागलेली आणि भाजी चुकीच्या पद्धतीने शिजवलेली. दुसरी, कुणीतरी सांगितलं म्हणून एखाद्या पाल्याच्या रसाचा रोज सकाळी रतीब लावलेली. पाड्यावरच्या बायका याच भाज्या जन्मभर खातात, पण असल्या तक्रारी घेऊन क्वचितच येतात. त्यांचं पोट काही वेगळं नाही. त्यांना ठाऊक असलेलं आणि आपल्याला ठाऊक नसलेलं नेमकं काय, ते सांगितलं की तुमच्या तिन्ही प्रश्नांची उत्तरं बरीचशी मिळतील.

आधी शेवळांचं. तुमच्या वर्णनावरून ॲप चुकलेलं दिसत नाही, ती शेवळंच होती. पण नाव कळलं म्हणजे भाजी कळली, असं होत नाही. नावानंतर तीन गोष्टी कळाव्या लागतात: कोणता भाग खायचा, कोणत्या वयात खायचा आणि कशाच्या जोडीने शिजवायचा. ॲप पहिलं नाव सांगून थांबतं. पुढचं तीन चतुर्थांश ज्ञान स्वयंपाकघरातलं आहे, आणि ते बहुतेक ठिकाणी लिहिलेलंच नसतं.

शेवळं म्हणजे सुरणाच्या कुळातलं फूल. पान येण्याआधी जमिनीतून थेट दांड्यावर हे फूल वर येतं. बाहेरून तपकिरी-जांभळट आवरण, आत एक जाडसर दांडी. ठाण्याच्या, कल्याणच्या बाजारात जूनमध्ये याच्या जुड्या मिळतात, आणि विकणारी बाई त्याच्यासोबत हिरव्या गोल फळांचा एक वाटा पुढे करते. ती काकडं. शहरातली पुष्कळ गिऱ्हाइकं तो वाटा परत करतात, कारण ही आंबट-तुरट फळं कशाला, असं त्यांना वाटतं. खरं तर त्या फळांशिवाय शेवळं घेऊच नयेत.

कारण असं की या सगळ्या कुळात, म्हणजे अळू, सुरण, शेवळं, यांच्या पेशींमध्ये कॅल्शियम ऑक्झलेटचे सुईसारखे स्फटिक असतात. भाजी चावताना या सुया जिभेत, टाळ्यात, घशात टोचतात. तुम्हाला झाली ती ॲलर्जी नव्हती, टोचणी होती. हे स्फटिक पाण्यात विरघळत नाहीत, म्हणून नुसतं उकळून भागत नाही. आंबट घालून, तेलात परतून, पुरेसा वेळ शिजवलं की खाज बसते, हा पिढ्यान्पिढ्यांचा अनुभव आहे. अळूच्या फदफद्यात चिंच किंवा आंबट चुका असतो तोही निव्वळ चवीसाठी नव्हे.

शेवळं साफ कशी करायची ते एकदा बघाच, वाचून हात बसत नाही. हाताला तेल चोळायचं. बाहेरचं आवरण उलगडायचं. आतल्या दांडीच्या तळाशी, देठाच्या वर, पिवळसर दाणेदार भाग असतो. खरी फुलं तीच. तो भाग सरळ कापून फेकायचा. खाजेचा मोठा वाटा तिथे असतो. उरलेलं बारीक चिरून तेलावर चांगलं परतायचं, काकडं ठेचून त्यांचा रस घालायचा, काकडं नसतील तर चिंच सढळ हाताने, आणि मग वाल, कोळंबी, सोडे, खिमा, जे आपल्या घरी चालतं ते घालून मऊ शिजवायचं. सीकेपी घरांत शेवळांची आमटी-कणी मोठ्या प्रेमाने होते, तिच्यातही हे सोपस्कार कुणी गाळत नाही. तुमच्या कृतीत कांदा-खोबरं होतं, पण आंबट नव्हतं, आणि मला खात्रीने वाटतं की पिवळा भागही गेला नव्हता.

आता टाकळा. तुमच्या यादीतली नवशिक्यासाठी सगळ्यांत सोपी भाजी हीच, आणि तरीही इथे एक फरक नीट शिकून घ्यायला हवा. टाकळ्याच्या पानाला पर्णिकांच्या तीन जोड्या असतात. पर्णिका देठाकडे निमुळती, टोकाकडे रुंद आणि गोलसर. संध्याकाळ झाली की पानं मिटतात. पुढे फुलं पिवळी आणि शेंगा बारीक, लांब, किंचित वाकड्या. याच्याच शेजारी, उकिरड्यावर, पडीक घराच्या मागे कासविंदा उगवतो, त्यालाच कोणी कासोदा म्हणतात. त्याच्या पर्णिका भाल्यासारख्या टोकदार, बहुधा चार-पाच जोड्या, चुरगळल्यावर उग्र वास, आणि शेंगा आखूड, चपट्या, फिकट कडांच्या. तिसरा एक परदेशी भाऊबंद माळावर बेसुमार पसरला आहे. त्याची पानं केसाळ असतात आणि हाताला लव लागते. तो खात नाहीत.

कासविंद्याबद्दल मी जरा आग्रहाने बोलते, कारण तुमच्या घरात मुलं आहेत. पश्चिम उत्तर प्रदेशात सहारनपूर, बिजनौर या भागांत वर्षानुवर्षं पावसाळा सरून थंडी लागताना लहान मुलं अचानक आजारी पडायची. उलट्या, ताप, मग बेशुद्धी, आणि त्यातली बरीच दगावायची. मेंदूज्वर समजून उपचार होत असत. डॉक्टरांनी घरोघर चौकशी केल्यावर निघालं की ही मुलं खेळता खेळता कासविंद्याच्या शेंगा सोलून बी खात होती. यकृत, स्नायू आणि मेंदू तिन्हींवर एकदम घाव. तेव्हा अंगणाच्या कडेला कासविंदा असेल तर शेंगा धरण्याआधी उपटून टाका. तीच गोष्ट मोगली एरंडाची. कुंपणाला लावलेला हा एरंड दिसायला निरुपद्रवी असतो आणि बी चवीला शेंगदाण्यासारखं लागतं, म्हणून शाळकरी मुलं ते वाटून खातात आणि उलट्या-जुलाबांनी दवाखान्यात भरती होतात. आपल्या राज्यात अशा घटना पुनःपुन्हा घडल्या आहेत.

टाकळ्याचं वय मात्र सांभाळा. पहिल्या पावसानंतर वीतभर वाढलेली रोपं, शेंड्याची कोवळी पानं, एवढंच खुडायचं. फुलं दिसू लागली की भाजी संपली. मी ज्यांच्याकडून रान शिकले त्या ठाकर मावशी श्रावणात टाकळ्याकडे हात नेला की म्हणायच्या, "आता तिचं वय झालं, सोड तिला." जून टाकळा चिवट आणि उग्र लागतो, शिवाय त्यातले रेचक घटक बाधतात. कोवळाही पोटभर खाल्ला तर दुसऱ्या दिवशी पोट ढिलं होतं. लसूण-मिरचीची फोडणी, कांदा, वरून ओलं खोबरं, आणि कोकणातल्यासारख्या फणसाच्या आठळ्या ठेचून घातल्यात तर फारच छान. याला आधी उकळून पाणी फेकायची गरज नाही.

फोडशीसाठी मला थोडं जास्त थांबायचं आहे, कारण जीवावर बेतेल अशी गफलत होऊ शकते ती इथेच. फोडशीलाच कोकणात कुलू किंवा कुळी म्हणतात, सफेद मुसळीची ही जवळची नातलग. लसणाच्या पातीसारखी किंवा रुंद गवतासारखी पानं जमिनीतून झुबक्याने येतात. अडचण अशी की पहिल्या पावसात अशी पात काढणाऱ्या वनस्पती रानात कितीतरी आहेत. कोळकांदा, म्हणजे रानकांदा, त्यातलाच. त्यात हृदयाच्या ठोक्यांवर परिणाम करणारी द्रव्यं असतात, नाडी मंदावते, माणूस जाऊ शकतो. नागदवणाही तसाच पट्टीसारख्या पानांचा आणि विषारी. कळलावीचे कोंबही याच दिवसांत वर येतात. तिच्या पानाचं टोक पुढे तंतूसारखं वळतं, पण कोवळेपणी ते ध्यानात येईलच असं नाही, आणि तिच्यातलं कोल्चिसिन अतिशय जहाल असतं.

ओळखायचं कसं? पानावरून नको. ओळख पटेपर्यंत प्रत्येक जागेतलं एखादं रोप मुळासकट उकरून बघा. फोडशीला कांदा नसतो. पानांच्या बुडाशी जाड मुळांचा झुपका असतो, पांढरट, काहींना पुढे गाठी. कोळकांदा आणि नागदवण्याला मात्र खाली चक्क कांदा लागतो, पापुद्र्यावर पापुद्रा असलेला. कांदा दिसला आणि त्याला आपल्या कांद्या-लसणाचा वास नसला की ते सगळं टाकून द्यायचं, कितीही मोह झाला तरी. कळलावीचा कंद तर नांगराच्या फाळासारखा दुहेरी आणि वाकडा असतो, एकदा पाहिला की विसरत नाही. हे एक रोप सोडलं तर फोडशी कधीही उपटू नका, विळ्याने वरून कापा. मूळ जागेवर राहिलं तर पुढच्या पावसाळ्यात तीच जागा पुन्हा भाजी देते. सफेद मुसळीची मुळं औषधासाठी खणून खणून जंगलातून ती किती कमी झाली हे आम्ही वैद्यांनी पाहिलं आहे. जिचं शास्त्रीय नाव बोरिवलीवरून पडलं, ती आज बहुतेक शेतात लावूनच मिळवावी लागते.

फोडशी करताना पानं सुटी करून दोन-तीन पाण्यांत धुवा, बुडाशी माती अडकलेली असते. मधला कडक दांडा ओढून काढा. मग हरभऱ्याची भिजवलेली डाळ घालून किंवा पीठ पेरून करा. माझ्या घरी तिची भजी पहिल्या पावसात ठरलेली.

भारंगी ओळखायला सोपी. जाड, खरखरीत, कातरलेल्या कडांची मोठी पानं, समोरासमोर किंवा तीन-तीनच्या फेऱ्यात. कोवळी पानं आणि पुढे निळसर-पांढरी फुलं, दोन्हींची भाजी होते. ती कडू असते, म्हणून उकळून, पिळून, पाणी टाकून द्यायचं आणि वाल किंवा मूगडाळीबरोबर करायची. मुलं एक घास खातील आणि ताट सरकवतील. त्यांना बळजबरी करू नका.

पाणी कधी फेकायचं आणि कधी नाही, याची मी स्वतः ठेवलेली खूणगाठ अशी: जिथे कडवटपणा किंवा खाज आहे तिथे एखादा घटक काढून टाकायचा असतो, आणि पाड्यावरच्या कृतीत त्याची सोय आधीच केलेली असते. बांबूचे कोंब घ्या. कोवळ्या कोंबात सायनाइड सोडणारं द्रव्य असतं. म्हणून बायका कोंब बारीक चिरतात, रात्रभर पाण्यात ठेवतात, उकळून ते पाणी ओततात, मगच भाजी फोडणीला टाकतात. चिरल्याने पेशी फुटतात, उकळल्याने ते द्रव्य मोडतं आणि वाफेबरोबर, पाण्याबरोबर जातं. कडू करांदे राख घालून उकडतात. काही रानकंदांच्या तर पातळ चकत्या करून टोपलीत घालून ओढ्याच्या वाहत्या पाण्यात रात्रभर ठेवतात. रसायनशास्त्राची भाषा नसताना हे कुणीतरी अनुभवाने, आणि बहुधा काहींच्या जीवाची किंमत देऊन, शोधून काढलं आहे. त्यातली एखादी पायरी आपल्याला उगाचची वाटली म्हणून गाळायची नाही, एवढं मला कळकळीने सांगायचं आहे.

इथपर्यंतचं ॲपच्या प्रश्नाचं उत्तर थोडक्यात असं: ॲप पहिला अंदाज म्हणून ठीक. पण ते फुलं असलेल्या, वाढलेल्या झाडाच्या फोटोवर बरं चालतं, आणि आपण भाजी खुडतो ती फूल येण्याच्या कितीतरी आधी. कोवळ्या पातीत, कोवळ्या कोंबात त्याची चूक होण्याची शक्यता सर्वांत जास्त. त्यामुळे तोंडात घालण्याचा निर्णय फोनवर सोपवू नका. पहिलं वर्ष तरी भाजी बाजारातून, विकणाऱ्या बाईकडून घ्या आणि तिला कोणता भाग, कोणत्या वयात, कशाच्या जोडीने, हे तीन प्रश्न विचारा. ती आनंदाने सांगते, मी हे असंख्य वेळा पाहिलं आहे. घरी आणलेली जुडी आणि तुमच्या बांधावरचं रोप शेजारी ठेवून बघा. तुमच्या जवळच्या वाडीतली एखादी मावशी जागेवर येऊन रान दाखवायला तयार असेल तर तिच्या दिवसाची मजुरी मोजा. ज्ञान फुकट घेऊ नका. पावसाळ्यात कृषी विभाग ठिकठिकाणी रानभाजी महोत्सव भरवतो, तिथेही कच्ची भाजी आणि शिजवलेली भाजी शेजारी शेजारी बघायला मिळते.

बऱ्याच गोष्टी परिस्थितीवर अवलंबून आहेत, त्याही सांगते. तुमच्या जागेच्या शेजारी भातशेती असेल तर बांधावर तणनाशक मारतात का ते विचारा. कुरडू, टाकळा, माठ या शेतकऱ्याच्या लेखी तणच आहेत. फवारलेला पाला दोन-तीन दिवस हिरवागार दिसतो. माझ्या मते आज रानभाजीतला नेहमीचा धोका विषारी वनस्पतींपेक्षा हा आहे. रस्त्याकडेची, कचऱ्याच्या ढिगाजवळची भाजी घेऊ नका. घरात कुणाला मुतखड्याचा त्रास असेल तर अळू, घोळ, शेवळं त्यांच्या ताटात नकोत. कुणी रक्त पातळ करणारी वॉरफॅरिनची गोळी घेत असेल तर एकदम भरपूर हिरवा पाला खाण्याआधी डॉक्टरांना विचारावं. गरोदर बाईला आणि तीन वर्षांखालच्या मुलाला नवी रानभाजी नको. मोठ्या मुलांना टाकळा, कुरडू, करटोली यांपासून सुरुवात करा. एका वेळी एकच नवी भाजी, दोन-तीन घास, आणि दुसऱ्या दिवशी पोट ठीक असेल तर पुढे. अळंबीच्या वाटेला मात्र स्वतःहून जाऊ नका. वारुळावर येणारी अळंबी सुंदर लागते हे खरं, पण तिथे चुकीला दुरुस्ती नसते.

राखीव जंगलातून, अभयारण्यातून काही आणू नका. तिथल्या गावांचे, आदिवासींचे वनहक्क कायद्याने मानलेले आहेत. आपण जागा घेतलेली माणसं, आपले ते नाहीत. तुमच्या सातबाऱ्यावरच्या बांधावर मात्र मोकळ्या मनाने खुडा.

आता सासूबाई आणि गुळवेल. इथे माझं उत्तर स्पष्ट आहे: रोजचा रस सुरू करू नका.

मी गुळवेल वापरते, दर आठवड्याला कुणाला तरी देते. जीर्णज्वरात म्हणजे जुनाट तापात, मधुमेहासारख्या प्रमेहात, काही त्वचारोगांत तिचा उपयोग ग्रंथांत सांगितला आहे आणि मला तिच्याबद्दल आदर आहे. म्हणूनच ती चहासारखी कुणी पिऊ लागलं की मला काळजी वाटते. करोनाच्या काळात घरोघर काढ्याचे पेले सुरू झाले, कधी थांबायचं हे कुणी सांगितलं नाही. 2021 मध्ये मुंबईतल्या यकृततज्ज्ञांनी गुळवेल घेणाऱ्या सहा रुग्णांत यकृताला इजा झाल्याचं प्रसिद्ध केलं, नंतर इतर शहरांतूनही तशा नोंदी आल्या. आयुष मंत्रालयाने हरकत घेतली की रुग्णांनी घेतलेली वनस्पती नेमकी गुळवेलच होती की तिच्यासारखी दिसणारी दुसरी वेल, हे तपासलेलं नाही. दोन्ही बाजू वाचून माझं मत असं झालं आहे: ज्यांची रोगप्रतिकारशक्ती स्वतःच्याच यकृतावर उलटण्याची शक्यता आहे, त्यांच्यात गुळवेल ती ठिणगी टाकू शकते, आणि असा माणूस बाहेरून ओळखता येत नाही. थायरॉइडच्या काही विकारांसारखा स्वप्रतिकाराचा आजार असेल तर मी गुळवेल टाळते. आणि मंत्रालयाचा मुद्दा खरा मानला, तरी तो तुमच्या कुंपणावरच्या वेलीलाच जास्त लागू पडतो, कारण ती कोणी तपासलेली नाही.

ओळख म्हणाल तर गुळवेलीच्या खोडावरची साल कागदासारखी पातळ सुटते आणि खाली हिरवं खोड दिसतं. आडवा काप घेतला तर आत चाकाच्या आऱ्यांसारखी रचना असते. जुन्या वेलीवरून दोऱ्यासारखी मुळं खाली लोंबतात. पान हृदयाच्या आकाराचं, गुळगुळीत. पानं लवदार असतील तर ती वेगळी जात. आणि पान तेवढं हृदयाच्या आकाराचं आहे, म्हणून पहाडवेलीसारख्या दुसऱ्याच वेली गुळवेल समजून आणलेल्या मी पाहिल्या आहेत. शिवाय सासूबाई मधुमेहाच्या गोळ्या घेत असणार. ग्लिमेपिराइडसारखी गोळी आणि वर साखर उतरवणारा रस, त्यात वयामुळे जेवण कमी, म्हणजे पहाटे साखर एकदम खाली जाऊन चक्कर, घाम, पडणं. साखर वाढल्याने एका दिवसात जे नुकसान होत नाही ते अशा एका पडण्याने होतं.

इथे खाणं आणि औषध यांतला फरक पाड्यावर किती सहज पाळतात ते बघण्यासारखं आहे. पांढऱ्या कुड्याचं उदाहरण घ्या. त्याची फुलं आणि कोवळ्या शेंगा भाजीला घेतात, मोसमात दोन-चार वेळा, तेही कडवटपणा काढून. त्याच झाडाची साल आवेवर, रक्ती आवेवर औषध आहे, आमचं कुटजारिष्ट तिचंच. पण साल कुणी भाजीत घालत नाही, आणि जुलाब थांबल्यावर साल कुणी घेत राहत नाही. भाजी घरातली कुणीही बाई करते, साल मात्र जाणता माणूस देतो, आजार बघून आणि दिवस ठरवून. शहरात आपण हे दोन्ही एक करून टाकलं. जे औषधी आहे ते रोज खावं, आणि जे खाण्यासारखं आहे ते औषध म्हणून प्यावं, अशी उलटापालट झाली.

टाकळ्याबाबत तुम्ही जाता जाता हेही विचारलं आहे की नायट्यावर त्याचं बी ताकात वाटून लावावं का. ग्रंथांत त्याला दद्रुघ्न, म्हणजे नायटा घालवणारा, म्हटलं आहे आणि नव्या, लहानशा नायट्यावर मी तो लेप देतेही. पण हल्ली येणारे नायटे दुकानातून आणलेली स्टेरॉइडमिश्रित मलमं चोळून चिवट झालेले असतात. ते लेपाने जात नाहीत, त्वचारोगतज्ज्ञाकडे जावं आणि घरातल्या सगळ्यांनी एकदम उपचार घ्यावेत.

सासूबाईंना द्यायचंच असेल तर भाजी द्या. करटोली, कुरडू, फोडशी, भारंगी, आठवड्यातून एक-दोनदा, जेवणातला भात थोडा कमी करून. पाला आणि तंतू पोटात गेल्याने जेवणानंतरची साखर सावकाश चढते, आणि याला कुणाच्या परवानगीची गरज नाही. गुळवेल घ्यायची त्यांची फारच इच्छा असेल तर आधी यकृताच्या चाचण्या आणि तीन महिन्यांची सरासरी साखर तपासून वैद्यांकडे जावं, चालू गोळ्यांची यादी दाखवावी, ठरावीक दिवस घ्यावी. त्या काळात भूक गेली, लघवी गडद पिवळी झाली, डोळे पिवळसर दिसले तर त्याच दिवशी बंद.

शेवटी, काही बिघडलंच तर काय करायचं. तोंडाची, घशाची खाज असेल तर कोकमाचं आगळ, चिंचेचं पाणी किंवा ताक घ्या, तासा-दोन तासांत उतरते. ओठ-जीभ सुजली, श्वास घ्यायला त्रास झाला, वारंवार उलट्या, नजर अंधुक, तोंड कोरडं पडून माणूस बरळू लागला, किंवा नाडी मंद लागली, तर मिठाचं पाणी पाजून उलटी काढत बसू नका. 108 ला फोन करा. माठात, तांदुळजात धोतऱ्याची पानं मिसळून आली तर हे बरळणं दिसतं, डोळ्यांच्या बाहुल्या मोठ्या होतात. दवाखान्यात जाताना खाल्लेल्या भाजीचा कच्चा पाला, मिळाला तर मुळासकट, पिशवीत घालून न्या. डॉक्टरांना त्या पाल्याचा जितका उपयोग होतो तितका तुमच्या वर्णनाचा होत नाही. याच कारणासाठी मी घरी सांगून ठेवलं आहे की नवी भाजी केली की निवडताना बाजूला काढलेली एक काडी दुसऱ्या दिवसापर्यंत टाकायची नाही.

या मोसमातली शेवळं संपत आली असतील. पुढच्या वर्षी ती काढताना प्रत्येक जागेतली दोन-चार फुलं तशीच राहू द्या, त्यांना बी धरू द्या, आणि कंद खणू नका. आता जुलै निम्मा होईपर्यंत टाकळा कोवळा मिळेल. सुरुवात त्याच्यापासून करा.